अ‍ॅम्पची (अ‍ॅम्प्लिफायरची) पॉवर केबल घरी बनवायचीय: साधी १.५ स्क्वेअर एमएमची की शील्डवाली २.५ ची?

मावसभाऊ पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या तापकीर गल्लीत चकरा मारतोय पण त्याचं ठरेना, म्हणून सांगतो.

आधी आवाजाचं. अ‍ॅम्प २ अँपिअर ओढत असेल तर दीड मीटरच्या १.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या थ्री कोर (तीन वायरींच्या) केबलमध्ये ०.०८ व्होल्टच्या आसपास पडतात, २.५ मध्ये ०.०५. आपल्या २३० मध्ये हा फरक कुणाच्या कानाला कळणार, सांगा बरं! शील्डचा (वायरींभोवतीच्या धातूच्या जाळीचा) उपयोग एवढाच की शेजारून सिग्नलची वायर जात असेल तर हम (स्पीकरमधली घूं-घूं) कमी होऊ शकतो, पण शील्ड फक्त प्लगच्या बाजूला अर्थला जोडायची.

खर्च? २.५ शील्डवाली न् सोनेरी मुलाम्याचे कनेक्टर घेतले की कितीतरी पट.

खरी कटकट कनेक्टरची, जाडी केबल साध्या सी१३ च्या (अ‍ॅम्पमध्ये खुपसायच्या नेहमीच्या कनेक्टरच्या) भोकात शिरतच नाही, मग लोक बाहेरचं आवरण सोलून कोंबतात आणि क्लॅम्प नुसत्या आतल्या वायरींवर बसतो, हे अजिबात नको. तारांच्या टोकाला सोल्डर पण नको, स्क्रूखाली ते हळूहळू दबतं न् पकड सैल होते, फेरूल (टोकावर चढवायची धातूची छोटी नळी) क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा.

घरचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, डॅक (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणारा डबा) असेल तर १.५ न् चांगला आयएसआय प्लग. सी१९ (सी१३ पेक्षा मोठ्या) सॉकेटवाला मोठा पॉवर अ‍ॅम्प किंवा मागे वायरींचा गुंता असेल तरच २.५.