पाहुण्यांच्या वायफायवरचे कॅमेरे आणि टेलस्केल : दोन पावसाळ्यांनंतर

चिपळूणला वाशिष्ठीपासून फार लांब नसलेल्या आमच्या घरात आई-बाबा दोघेच राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी अंगणाच्या शेवटच्या पायरीपर्यंत येऊन थांबले, आणि त्या रात्री फोन लागत नसल्यामुळे पुण्यात बसून जे हाल झाले, त्यातून घराला कॅमेरे बसवायचे ठरले. चोराचिलटाची भीती हे कारण दुय्यमच होते. मला पायरी दिसायला हवी होती. एक कॅमेरा अंगणाकडे आणि एक मागच्या पडवीत, असे दोन वायफाय कॅमेरे बसवले आणि ते राउटरच्या ‘गेस्ट नेटवर्क’वर, म्हणजे पाहुण्यांसाठी असलेल्या वेगळ्या वायफायवर ठेवले. त्या वेगळ्या जाळ्यावरचे कॅमेरे दुरून पाहण्यासाठी जानेवारी २०२४ पासून मी टेलस्केल ही सेवा वापरत आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः तिचे आहे. राउटर आणि कॅमेरे यांचा उल्लेख तिच्या अनुषंगानेच येईल.

कॅमेरे पाहुण्यांच्या जाळ्यावर का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. स्वस्त वायफाय कॅमेरा हा प्रत्यक्षात एक छोटा संगणकच असतो, आणि त्यातील प्रणाली वर्षानुवर्षे कोणी अद्ययावत करत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना विक्रीपूर्वी सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली आहे, पण आमचे कॅमेरे त्याआधीचे आहेत. बाबांच्या ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या शेजारी असले उपकरण बसवणे मला पटत नव्हते. गेस्ट नेटवर्कवरील उपकरणाला इंटरनेट मिळते, मात्र घरातील मुख्य जाळे दिसत नाही, आणि मला नेमके एवढेच हवे होते.

अडचण येते ती दोन जाळ्यांमधल्या याच भिंतीमुळे. भिंत दोन्ही बाजूंनी असते, त्यामुळे मुख्य वायफायवर असलेल्या आईच्या मोबाइललाही अंगणातला कॅमेरा सापडत नाही. कॅमेरा कंपनीचे ॲप तरीही चालते, कारण कॅमेरा स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधून ठेवतो आणि मोबाइलची गाठ तिथेच घालून दिली जाते. थेट मार्ग निघाला नाही, तर चित्रही त्या सर्व्हरमधूनच येते. पहिली दोन वर्षे आम्ही असेच भागवले. मग एका पावसाळी रात्री त्या कंपनीचा सर्व्हरच बंद पडला. घरी वीज होती, इंटरनेट होते, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि आई फोनवर म्हणत होती, “अगं, इथे सगळं चालू आहे, तुलाच का दिसत नाही?” घरातल्या अंगणाचे चित्र घराबाहेरच्या कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून आहे, ही गोष्ट त्या रात्री माझ्या मनात पक्की बसली.

जुन्या पद्धतीने राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडून देण्याचा मार्ग मी टाळला. उघडे पोर्ट शोधत फिरणारी यंत्रे इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे कॅमेरा असा थेट रस्त्यावर मांडणे योग्य नाही. शिवाय आमच्याकडे ते शक्यही नव्हते. राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणून दिसणारा इंटरनेट-पत्ता (आयपी) १००.७१ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील पत्ता दिसला, की आपल्या सेवादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे असे समजावे. अशा जोडणीवर बाहेरून आलेली हाक आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. आमच्या केबलवाल्याने स्वतंत्र सार्वजनिक पत्त्यासाठी दरवर्षी जी रक्कम सांगितली, ती ऐकून तो विषय तिथेच संपला.

टेलस्केल या अडचणीवर चांगला तोडगा काढते. तिच्या मुळाशी वायरगार्ड हे व्हीपीएन तंत्र, म्हणजे इंटरनेटवरून खाजगी जोडणी करण्याचे तंत्र आहे, जे २०२० मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाले. प्रत्येक उपकरण आतून बाहेर संपर्क साधते, टेलस्केलचा सर्व्हर त्यांच्या सार्वजनिक किल्ल्यांची, म्हणजे एकमेकांना ओळखून संदेश कुलूपबंद करायला लागणाऱ्या संकेतांची, देवाणघेवाण करून देतो, आणि त्यानंतर दोन उपकरणांमध्ये शक्यतो थेट, कूटबद्ध मार्ग तयार होतो. पोर्ट उघडावे लागत नाही, सार्वजनिक पत्ता लागत नाही. वैयक्तिक वापरासाठी सेवा विनामूल्य आहे. कॅमेऱ्यावर मात्र टेलस्केल बसवता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणारे एखादे उपकरण त्याच जाळ्यात ठेवावे लागते. मी त्यासाठी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा चिमुकला संगणक घेतला, पुढे त्याला नुसते ‘पाय’ म्हटले आहे. च्युइंगगमच्या पाकिटाएवढी ही पट्टी मेमरी कार्ड आणि अडॅप्टर धरून अडीच हजारांच्या आतबाहेर पडली. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालते, पण आमचे कॅमेरेही त्याच पट्ट्यावर असल्यामुळे काही बिघडले नाही.

खरी मेख राउटरमध्ये आहे, आणि खरेदीपूर्वी कोणी काही तपासणार असेल तर हेच तपासावे. बहुतेक राउटर गेस्ट नेटवर्कवरील उपकरणांना एकमेकांपासूनही वेगळे ठेवतात, म्हणजे पाय आणि कॅमेरा एकाच वायफायवर असूनही एकमेकांना पाहू शकत नाहीत. काही राउटरांत पाहुण्यांना एकमेकांना दिसू देण्याची खूण आणि पाहुण्यांना घरच्या जाळ्यात येऊ देण्याची खूण अशा दोन वेगळ्या चौकटी असतात. पहिली भरायची आणि दुसरी कोरी ठेवायची. आमच्या पहिल्या राउटरमध्ये ही सोयच नव्हती, त्यामुळे तो बदलावा लागला आणि एकूण खर्चातला सर्वांत मोठा आकडा तोच ठरला. पहिली चौकट भरल्याचा परिणाम असा, की गणपतीत आलेल्या भाचरांना त्या वायफायचा पासवर्ड देता येत नाही, कारण मग कॅमेरे त्यांनाही दिसतील. सध्या आमच्या घरी कॅमेरे पाहुण्यांच्या जाळ्यावर आणि पाहुणे घरच्या जाळ्यावर असतात. हे उफराटे आहे याची मला कल्पना आहे. दोन गेस्ट नेटवर्क किंवा स्वतंत्र आयओटी नेटवर्क (कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांसाठीचे जाळे) देणारा राउटर घेतला असता तर ही वेळ आली नसती.

पायवर टेलस्केल बसवून त्याला ‘सबनेट राउटर’, म्हणजे जाळ्यातल्या इतर उपकरणांपर्यंत पोहोचवणारा दुवा, करायला, लिनक्सची थोडीबहुत ओळख असेल, तर अर्धा तास पुरतो. पायने कोणकोणते पत्ते पुढे जोडून द्यावेत हे सांगताना सर्वत्र संपूर्ण जाळ्याचे उदाहरण दिलेले असते. मी त्याऐवजी दोन कॅमेऱ्यांचे दोनच पत्ते दिले. त्यामुळे पुण्यातल्या जाळ्याचे पत्ते चिपळूणच्या पत्त्यांसारखेच निघाले तरी गोंधळ कमी होतो, आणि पायमधून दुसरीकडे कुठे डोकावायची सोय राहत नाही. कॅमेऱ्याचा पत्ता बदलू नये म्हणून तो कॅमेऱ्यातच कायम करून टाकला. हे सगळे करूनही पहिल्या संध्याकाळी चित्र आले नाही, कारण जाहीर केलेले मार्ग टेलस्केलच्या संकेतस्थळावर जाऊन मंजूर करावे लागतात, ही पायरी मी वाचूनही विसरले होते.

चित्राबद्दल मी समाधानी आहे. पुण्याहून व्हीएलसी या व्हिडिओ पाहण्याच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या थेट चित्राचा (आरटीएसपी) पत्ता उघडला की तीन-चार सेकंदांत अंगण दिसते. रोजच्या नजरेसाठी मी कॅमेऱ्याचा कमी दर्जाचा दुय्यम प्रवाह वापरते आणि पायरीवरचे पाणी नीट निरखायचे असेल तेव्हाच मुख्य प्रवाह लावते. रात्री अवरक्त दिव्यात पावसाच्या धारा पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात आणि भिंगावर कोळ्याने जाळे विणले की निम्मे चित्र धूसर होते. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे बाबा आणि केरसुणी. एक गंमत मात्र सांगायला हवी. थेट मार्ग निघाला नाही तर टेलस्केल आपल्या मध्यस्थ सर्व्हरमधून चित्र नेते. आमच्या राउटरच्या भिंतीमुळे आईने ओटीवर बसून मोबाइल उघडला, तर जोडणीच्या तपशिलात बंगळुरूचे नाव दिसते, म्हणजे वीस पावलांवरचे अंगण बंगळुरूला जाऊन परत येते. मी पुण्याहून पाहते तेव्हा मात्र जोडणी बहुधा थेट असते.

एवढी व्यवस्था झाल्यावर राउटरमधून कॅमेऱ्यांचे इंटरनेट मी पूर्ण बंद केले. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. हालचाल झाल्याची सूचना कंपनीच्या सर्व्हरकडून येत असे, ती थांबली. आमच्याकडे ती प्रामुख्याने मांजरांची असायची, त्यामुळे कोणाला चुकल्याचुकल्यासारखे वाटले नाही. दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक निघाली. इंटरनेट नसल्याने वीज जाऊन आली की कॅमेऱ्याचे घड्याळ थेट १९७० सालात जाऊ लागले. पायवरच वेळ देणारी सेवा चालू करून कॅमेऱ्यांना तिचा पत्ता दिल्यावर हा प्रश्न सुटला.

विश्वासाचा प्रश्न मात्र पूर्ण सुटत नाही. कुलूप उघडणाऱ्या खाजगी किल्ल्या उपकरणांवरच राहतात आणि चित्र मध्यस्थ सर्व्हरमधून गेले तरी ते त्याला उलगडता येत नाही, ही जमेची बाजू आहे. पण प्रवेश गूगलसारख्या खात्यावरून होत असल्याने ते खाते गेले तर सगळेच गेले, म्हणून दुहेरी पडताळणीला पर्याय नाही. ज्यांना हेही नको असेल आणि ज्यांच्याकडे सार्वजनिक पत्ता असेल, त्यांनी सरळ वायरगार्ड वापरावे. उपकरणाच्या किल्लीची मुदत मूळ मांडणीत १८० दिवसांची असते, हेही लक्षात ठेवावे. जानेवारीत बसवलेल्या आमच्या पायची मुदत ऐन जुलैत संपली असती, म्हणून त्याच्यापुरती ती अट मी पहिल्याच दिवशी काढून टाकली. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालत असल्याने कार्यालयाचे व्हीपीएन लावले की अंगण दिसेनासे होते. न्यू जर्सीतल्या दादाला तेवढ्यासाठी जुना टॅबलेट वेगळा ठेवावा लागला आहे.

ज्यांना कॅमेरा खोक्यातून काढून दहा मिनिटांत पाहायचा आहे, त्यांनी कंपनीचे ॲप वापरून कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर ठेवावा आणि पासवर्ड बदलावा. तेवढेही पुष्कळ आहे. घरात लिनक्सला न घाबरणारे एखादे माणूस असेल आणि राउटर तशी परवानगी देत असेल, तर मात्र टेलस्केल निःसंकोच घ्यावे. दोन वर्षांत पायला मी केवळ एकदा हात लावला, तोही अवेळी वीज गेल्याने मेमरी कार्ड खराब झाले तेव्हा. त्यानंतर राउटर, पाय आणि अंगणातला कॅमेरा अशा तिघांना १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर टाकले, पायसाठी मध्ये ५ व्होल्टचा कन्व्हर्टर घालून. मागच्या मोठ्या पावसात वीज गेल्यावर तो जवळजवळ अडीच तास टिकला, तोवर पाणी रस्त्याच्या कडेलाच होते, आणि चित्र बंद पडल्यावर मी नेहमीप्रमाणे शेजारच्या काकांना फोन लावला.