नॅलोक्सोन: अँप्युल की नाकातला फवारा?

हेरॉईन, मॉर्फिन किंवा कोडीनचं सिरप प्रमाणाबाहेर गेलं की श्वास मंदावतो. ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशात घरघर. घरचे म्हणतात, "झोपू द्या, उतरेल." तिथेच घात होतो. यावर उतारा नॅलोक्सोन. तो वस्तीवर, जवळच्या माणसांच्या हाताशी असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. पण कोणत्या रूपात?

इंजेक्शन स्वस्त पडतं. मात्र धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर रात्री, मोबाईलच्या उजेडात, अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची इवलीशी बंद कुपी, फोडायची, सिरिंजमध्ये ०.४ मिलिग्रॅम ओढायचं आणि मांडीत टोचायचं? शिकवलं तर जमतं, यात शंका नाही. पण हात थरथरतातच. अँप्युल हातातच फुटली तर दुसरी कुठून आणणार?

फवाऱ्याला सुई नाही. माणसाला उताणं झोपवा, मान मागे करा, एका नाकपुडीत नळी घालून दाबा. ४ मिलिग्रॅमच्या फवाऱ्याला अमेरिकेत २०२३ पासून डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. किंमत मात्र बरीच जास्त.

माझं मत विचाराल तर आशाताईंकडे अँप्युल चालेल, घरात फवाराच हवा.

दोन्हींचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, नशा त्याहून जास्त वेळ टिकू शकते. म्हणून आधी १०८ लावा, तोंडाने श्वास देत राहा, २-३ मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस द्या. श्वास परतला की कुशीवर वळवा.