'आरे' की 'बोय आ आसेर'?

धरमपेठेत तर्री-पोहे खाताना मैत्रीण विचारते, "उद्या काय करशील?" किंवा "उद्या काय करणार आहेस?" हा फरक कानात असेल तर स्पॅनिश भविष्यकाळाचं अर्धं काम झालंच. 'आसेर' म्हणजे करणे. 'बोय आ आसेर' म्हणजे 'करणार आहे' आणि 'आरे' म्हणजे 'करीन'. (लिहिताना आधी एच येतो, पण तो उच्चारत नाहीत. नागपूरकराला 'अरे'च ऐकू येतं!)

पहिलं रूप सोपं. स्पॅनिशमधल्या 'जाणे'ची वर्तमानकाळाची रूपं पाठ करा ('बोय' त्यातलंच), 'आ' जोडा, पुढे मूळ क्रियापद ठेवा. रोजच्या बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, हेच जास्त चालतं. मी तरी सुरुवात यानेच करायला सांगेन. दुसऱ्यात 'आसेर'चं अंगच बदलतं: आरे, आरास, आरा. प्रत्यय मात्र सगळ्या क्रियापदांना तेच.

मग दुसरं शिकायचं कशाला? अंदाजासाठी! 'सेर' म्हणजे असणे, आणि 'सेरान लास त्रेस' म्हणजे आत्ता 'तीन वाजले असतील'. तर्क करताना आपणही भविष्यकाळच वापरतो की. तिथे 'बान आ सेर लास त्रेस' म्हणालात, तर समोरचा समजेल, तीन वाजायला आलेत.