वय वंदना कार्ड: सासू-सासऱ्यांसाठी वर्षभर वापरल्यानंतर

आम्ही गोव्यात डिचोलीजवळच्या गावात राहतो. सासू-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे. दोघांची आयुष्मान वय वंदना कार्डं काढून आता वर्ष होत आलं. घरात म्हातारी माणसं असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

इस्पितळात दाखल झाल्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट देणारी ही केंद्र सरकारची योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. सत्तर पूर्ण असली की झालं, उत्पन्न कोणी विचारत नाही, हप्ताही नाही. वय आधारवरचं धरतात, त्यामुळे तिथली जन्मतारीख आधी तपासा. कार्ड काढताना आमचं अडलं ते बोटांच्या ठशांवर. सासऱ्यांची हयात कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत गेली. सुपाऱ्या सोलून आणि काजूचा चीक लागून बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. यंत्र ठसा घेईना, आणि ते बिचारे दरवेळी बोट लुंगीला पुसून पुन्हा ठेवत राहिले. शेवटी आयुष्मान ॲपमधून चेहरा दाखवून काम झालं. म्हाताऱ्यांसाठी सरळ तोच मार्ग धरा.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. योजनेच्या यादीतल्या एका खाजगी इस्पितळात नेलं, तर मंजुरी यायला वेळ लागेल म्हणून काउंटरवर आधी पैसे भरायला सांगितलं. माझ्या यजमानांनी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठलं, 14555 या हेल्पलाइनला फोन लावला, तेव्हा कुठे डिपॉझिटचा विषय बंद झाला. उपचार कॅशलेस असताना डिपॉझिट मागणं चूकच, आणि रडवेल्या नातेवाइकांकडे मागणं तर फारच वाईट. पुढे मात्र ऑपरेशन, रॉड, वॉर्ड, कशालाच पैसे लागले नाहीत. घरी आल्यावरची पंधरा दिवसांची औषधंही त्यातच बसली. सासूबाईंना जुना मधुमेह आहे. खाजगी विम्यात अशा आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, इथे पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. माझ्या मते या कार्डाची सगळ्यात मोठी बाजू हीच.

आता उणं. वर्षाचे पाच लाख हे घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून आहेत, माणशी नाहीत. आणि ओपीडीचं काहीच यात येत नाही. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्त तपासण्या, वॉकर, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, सगळं खिशातून. सासऱ्यांना गोवा सरकारच्या दयानंद पेन्शन योजनेचे महिन्याला 2,000 मिळतात, ते औषधांतच संपतात. जनऔषधी केंद्रातून घेतलं तर थोडं हलकं होतं. तपासणीला आम्ही बांबोळीला गोमेकॉतच (सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात) नेतो, पण म्हाताऱ्या माणसाला ओपीडीच्या रांगेत बसवणं जिवावर येतं.

गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं दीनदयाळ कार्ड आहे म्हणून हे काढायचं टाळू नका. दीनदयाळचे तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चौघं किंवा जास्त असतील तर चार लाख, आणि ते आम्हा बाकीच्यांनाही पुरवायचे असतात. म्हाताऱ्यांचा खर्च वेगळ्या कार्डावर गेला की मुलांसाठी ते शाबूत राहतात.

सासऱ्यांची जुनी खाजगी पॉलिसी आम्ही बंद केलेली नाही. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, आणि साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाला विचारावं लागतं. परवडतंय तोवर चालू ठेवणार. इस्पितळात नेण्याआधी मात्र ते यादीत आहे का आणि हवा तो उपचार तिथे कार्डावर होतो का, हे फोन करून विचाराच.