ईदचा चंद्र: गणिताने की डोळ्यांनी?

तुर्कस्तानात ईदची तारीख कॅलेंडरात आधीच छापलेली असते. तिथलं दियानेत हे सरकारी धर्मखातं खगोलगणितानं महिना ठरवतं. उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिल या इस्लामी धर्मशास्त्राच्या मंडळानेही २००६ साली हीच वाट धरली. रजेचा अर्ज, विमानाचं तिकीट, सगळं वेळेत.

आपल्याकडे रमजानच्या २९व्या संध्याकाळी मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज झाली की चंद्र शोधायला गच्च्या भरतात. दिसला तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा. आभाळ भरलेलं असलं की सगळ्यांचे कान चंद्र दिसल्याचं जाहीर करणाऱ्या हिलाल कमिटीच्या निरोपाकडे. शीरखुर्म्यासाठी बदाम भिजत घालायचे की पहाटेच्या सहेरीची तयारी करायची, हे रात्री नऊलाही ठरत नाही. कधी तर केरळात ईद आणि मुंबईत रोजा!

गणित सोयीचं, यात वाद नाही. पण ‘चाँद मुबारक’ची ती आरोळी छापील तारखेला कुठून येणार? मला तरी गच्चीच बरी वाटते. नोकरदारांनी मात्र रजा दोन दिवसांची टाकावी.