‘डॉकरमध्ये अडलंय’ सांगून गळ्यात मारलेलं बनावट ग्राफिक्स कार्ड

सेकंड-हँड ग्राफिक्स कार्ड विकणारा ‘कार्ड ठीक आहे, तुमच्या डॉकरमध्येच काहीतरी अडलंय’ म्हणू लागला, तर त्याला पुढचा एक रुपयाही देऊ नका. (डॉकर म्हणजे प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर.) म्हापशात मला एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय म्हणून साडेपाच हजारांना विकलेलं कार्ड त्या जातीचं नव्हतंच. आणि ते उघडकीला येऊ नये म्हणून ‘कंटेनर सेटअप’च्या नावाखाली आणखी दीड हजार उकळले.

कार्ड हवं होतं घरच्या सर्व्हरसाठी. आमच्या गावच्या जत्रेला मराठी नाटक असतं. बाबा आणि काका ज्यांत उभे राहिले त्या नाटकांच्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून आम्ही डॉकरच्या कंटेनरमध्ये चालणाऱ्या जेलीफिन या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ठेवल्यात. पुण्याची बहीण, दुबईचा चुलतभाऊ, सगळे तिथूनच बघतात. पण त्या फायली जुन्या एमपेग-२ प्रकारातल्या. मोबाइलवर दाखवायच्या तर त्या त्या वेळी एच.२६४ मध्ये बदलाव्या लागतात, आणि दोघांनी एकदम नाटक लावलं की प्रोसेसरचा दम निघतो. ते काम कार्डातल्या एनव्हेन्क या व्हिडिओ बदलणाऱ्या भागावर सोपवायचं, एवढाच बेत होता.

दुकानात विंडोजच्या मशीनवर कार्ड लावून दाखवलं. पडद्यावर नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. घरी उबुंटू लिनक्सवर मात्र कंटेनरला कार्ड दिसेना. फोन केला तर, “बाब, कार्ड एकदम बरें आसा,” आणि लगेच एका ‘लिनक्सवाल्या’ ओळखीच्या माणसाचा नंबर दिला. त्याने रिमोटने मशीन ताब्यात घेतलं, एनव्हिडियाचं कंटेनर टूलकिट टाकलं, कंटेनरची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये चार ओळी घातल्या आणि सांगितलं, “होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, सगळं ओके आहे, आता कंटेनरमध्येही चालेल.” नाटक सुरू झालं. पैसे घेऊन तो मोकळा झाला. संध्याकाळी पाहिलं तर प्रोसेसर पहिल्यासारखाच शंभर टक्क्यांवर. त्याने जेलीफिनमधलं हार्डवेअर अॅक्सेलरेशन (हे काम कार्डाकडून करून घेण्याची सोय) चक्क बंद करून ठेवलं होतं. नाटक चालत होतं ते प्रोसेसरवर!

पुन्हा फोन केल्यावर कारणांची रांग लागली. कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना आहे, डॉकरची आवृत्ती चुकीची आहे, गोव्याच्या दमट हवेने स्लॉट गंजलाय. यातलं काहीही पटण्यासारखं आहे, आणि धंदा चालतो तो यावरच. कंटेनरमध्ये इतक्या गोष्टी बिघडू शकतात की कार्डावर संशयच जात नाही. पण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. तो होस्टचाच ड्रायव्हर वापरतो; टूलकिट फक्त त्याच्या लायब्ररी आत पोचवतं. म्हणून होस्टवर कार्डाची स्थिती दाखवणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा चालत नसेल, तर कंपोज फाइलमध्ये काहीही लिहा, उपयोग शून्य.

होस्टवर मशीनला जोडलेली कार्डं दाखवणारी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा चालवली आणि नाव आलं ते जीएफ११६. ही २०१०-११ च्या फर्मी पिढीची चिप, जीटीएस ४५० आणि जीटीएक्स ५५० टीआयमध्ये असायची. खऱ्या १०५० टीआयवर जीपी१०७ असते. ‘डीमेसेज’ने दाखवलेल्या कर्नलच्या नोंदींमध्ये तर ड्रायव्हरने स्वतःच लिहून ठेवलं होतं, की हे कार्ड ३९० मालिकेच्या जुन्या ड्रायव्हरवर चालतं, मी याच्याकडे दुर्लक्ष करतोय. त्या ‘लिनक्सवाल्या’ने ही ओळ पाहिली नसेल यावर माझा विश्वास नाही. टूलकिटला किमान केप्लर या फर्मीनंतरच्या पिढीचं कार्ड आणि ४१८ मालिकेचा ड्रायव्हर लागतो. एनव्हेन्कही केप्लरपासूनच, म्हणजे २०१२ पासूनचं. या कार्डात ती सोयच नाही, ते कोणाच्याही हातून चाललं नसतं.

नाव बदललं होतं कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. पंखा काढून जुनी पेस्ट पुसली तर चिपवर जीएफ११६ स्वच्छ कोरलेलं. एवढं उघडायचीही गरज नाही म्हणा: कार्डाच्या पाठीमागे निळं व्हीजीए पोर्ट होतं. १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमधून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे त्या नावाच्या कार्डावर व्हीजीए दिसलं की तिथूनच परत फिरा. दुकानदार विंडोजवर दाखवत असेल तर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडायला लावा. २०१८ पासून ते अशा कार्डांपुढे ‘फेक’ असं लिहून दाखवतं. स्वतःचा लिनक्सचा पेनड्राइव्ह नेऊन ‘एलएसपीसीआय’ बघता आलं तर आणखी चांगलं. नुसत्या नाटकांपुरतं हवं असेल आणि प्रोसेसर इंटेलचा, आतच ग्राफिक्स असलेला असेल, तर वेगळ्या कार्डाची गरजच पडत नाही. त्या ग्राफिक्सचं ‘डीआरआय’ डिव्हाइस कंटेनरला द्यायचं, ते वापरायला रेंडर ग्रुपची परवानगी द्यायची, झालं.

दुकानदार आता निम्मे पैसे परत देतो म्हणतोय, अट एकच: कार्ड त्याला द्यायचं. मी दिलेलं नाही, कारण ते उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनमध्ये जाईल. पावती, यूपीआयचा व्यवहार, चिपचे फोटो आणि ‘डीमेसेज’ची ती ओळ जोडून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. याच भागात कोणाला असं कार्ड मिळालं असेल तर कार्ड परत न देता आधी चिपचा फोटो काढा आणि तक्रार करा. तक्रारी जास्त झाल्या तर ‘माझ्याच पुरवठादाराने मला फसवलं’ हे त्याचं सध्याचं म्हणणं टिकणार नाही.