ठाण्याहून अंधेरी: कॉलेजात असताना फुटबॉलचा सीझन पास घ्यावा का?

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा २०२४-२५ चा सीझन पास (घरच्या मैदानावरच्या सगळ्या मॅचचा एकच पास) मी घेतला होता आणि सप्टेंबरपासून हंगाम संपेपर्यंत वापरला. तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. घर ठाण्यात कोपरीला, कॉलेजही ठाण्यातच. आता ज्युनिअर पोरं-पोरी "ताई, घेऊ का?" म्हणून विचारत असतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगते. पास परवडतो की नाही हे त्याच्या किमतीवरून कळत नाही, ते मॅचच्या तारखांवरून कळतं. तारखा हातात येण्याआधी पास घेऊ नका, "लवकर घ्या, स्वस्त मिळेल" असं कोणी कितीही सांगितलं तरी.

हिशोब सोपा आहे. त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये १३ संघ होते, म्हणजे प्रत्येकाच्या २४ मॅच, त्यातल्या १२ घरच्या मैदानावर. पासाच्या किमतीला तुम्ही बसणार त्या स्टँडच्या सुट्या तिकिटाच्या किमतीने भागा. जो आकडा येईल तितक्या मॅच गाठल्या की पैसे वसूल. मग १२ मधून तुमच्या परीक्षा, सबमिशन, व्हायवा आणि घरातली लग्नं-मुंजी वजा करा. उरलेला आकडा आधीच्या आकड्याहून लहान आला तर सुटी तिकिटं काढा, विषय संपला. माझा थोडा मोठा आला होता, पण फार नाही.

या हिशोबात प्रवास कोणी धरत नाही, आणि ठाणेकरांसाठी खरा खर्च तोच. मैदान अंधेरी पश्चिमेला, शहाजी राजे क्रीडा संकुलात. ठाण्याहून फास्ट पकडून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, पुढे चालत. रेल्वेचा कन्सेशन पास घर ते कॉलेज एवढ्यापुरताच असतो, त्यामुळे घाटकोपरचं तिकीट दर वेळी वेगळं. मेट्रोचे जाऊन-येऊन ८० रुपये. बाराही मॅच पाहिल्यात तर नुसत्या मेट्रोचे ९६० होतात, आणि त्यात अजून वडापावही धरलेला नाही.

पैशांपेक्षा वेळ जास्त जातो. बहुतेक मॅच संध्याकाळी साडेसातला. संध्याकाळच्या गर्दीत घाटकोपरचा पूल चढून मेट्रोच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे ठाण्याहून पावणेसहाच्या आत निघायला हवं. चारला प्रॅक्टिकल सुरू होत असेल तर मॅच गेली म्हणून समजा. आठवड्यातल्या मधल्या वारी दोन-तीनदा लागोपाठ असं झालं की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं. ७५ टक्के अटेंडन्सपुढे फुटबॉलचं कारण चालत नाही, आणि ते चालू नये असं माझंही मत आहे.

कॉलेजातून थेट जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: बॅग. मोठी बॅग, पॉवर बँक, पाण्याची बाटली गेटवरून सहसा आत नेऊ देत नाहीत. लॅपटॉप, ड्रॉइंगची नळी, डबा घेऊन गेलात तर करणार काय? आमची एक मैत्रीण चार बंगल्याला राहते. तिच्या घराच्या पॅसेजमध्ये आमच्या बॅगांचा ढीग पडायचा आणि तिची आजी प्रत्येकीच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय सोडायची नाही. अशी आजी नसेल तर ज्या दिवशी लॅपटॉप न्यावा लागतो त्या दिवशीची मॅच सोडून द्या.

परतीचं मुलींनी विशेष वाचा. मॅच साडेनवाच्या आसपास सुटते. मेट्रोचं परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवायचं, नाहीतर आझाद नगरला सगळं स्टेडियम खिडकीपुढे उभं असतं. साडेदहाच्या आत-बाहेर घाटकोपर, अकराच्या सुमाराला ठाणे. रात्रीच्या लेडीज डब्यात पोलीस असतो आणि त्या वेळी बसायलाही जागा मिळते. त्यामुळे ठाण्यापर्यंत मला कधी भीती वाटली नाही. पण कल्याण, बदलापूरच्या मुलींचं गणित वेगळं. आमच्यातली बदलापूरची एक जण ऐंशीव्या मिनिटालाच उठायची. शेवटची दहा मिनिटं बघायला मिळणार नसतील तर पासाला काय अर्थ? नेरूळची मैत्रीण घाटकोपरहून कुर्ला आणि तिथून हार्बर असं करत आमच्यानंतर बऱ्याच वेळाने घरी पोचायची.

तिची चिडचिड मला पटते. २०१४ आणि २०१५ मध्ये हाच क्लब तिच्या घराजवळ, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायचा. पहिल्याच हंगामात तिथे पुण्याला ५-० हरवलं होतं आणि आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक केली होती. २०१६ पासून सगळं अंधेरीला गेलं. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स हार्बरची थेट गाडी आहे, त्यामुळे आम्हालाही तेच सोयीचं होतं. पण खरं सांगायचं तर बघायला अंधेरीच बरं. नेरूळचं मैदान मुळात क्रिकेटचं, मोठं आणि गोल. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदीच्या अल हिलाल क्लबशी आपली मॅच तिथे झाली (नेमार येणार म्हणून सगळे नाचत होते, तो गुडघा दुखावून बसला, अल हिलाल २-० ने जिंकलं), तेव्हा वरच्या मजल्यावरून कोण कुठला खेळाडू हे कळायला मला अर्धा तास लागला होता. अंधेरीचं मैदान लहान आहे, पण टचलाइन (मैदानाच्या कडेची रेषा) जवळ. गोलकीपर लाचेन्पा बचावपटूंवर ओरडतो ते ऐकू येतं.

आणि पास घ्यायचाच असेल तर तो याच्यासाठी घ्या. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, मैदानावर तुम्ही हवं तिकडे बघू शकता. मी मधल्या काही मॅचमध्ये ठरवून दहा-दहा मिनिटं फक्त आपल्या विंगर छांगटेकडे (कडेने हल्ला करणारा खेळाडू) बघत बसले. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना तो उगाच धावत नाही. लाइनजवळ उभा असतो, दोन पावलं आत येतो, परत बाहेर जातो, बचावपटू कुठे बघतोय ते मान वळवून पाहतो. त्या बचावपटूने एकदा चेंडूकडे पाहिलं की हा गेला. चेंडू त्याच्याकडे आला तर सगळे टाळ्या वाजवतात. दहापैकी आठ वेळा चेंडू येतच नाही, आणि तो पुन्हा चालत जागेवर येतो. हे चालत परत येणं टीव्हीवर कधी दिसलं नव्हतं. तेव्हा आपल्याकडे असलेला बचावपटू मेहताब सिंग हात वर करून बचावाची अख्खी ओळ पुढे ओढायचा, तेही असंच कळलं. सुटं तिकीट काढून मोठ्या मॅचला गेलं की आपण गोलची वाट बघतो. रटाळ मॅचला कोणी वेगळे पैसे देऊन जात नाही, पास असला की जातो, आणि खेळ समजतो तो तिथेच.

मोठ्या मॅचची मजा वेगळीच. ३ नोव्हेंबर २०२४ ला केरळ ब्लास्टर्स आले होते. त्या दिवशी भाऊबीज! भावाला दुपारीच पाटावर बसवलं. तो मुंबई सिटीची जर्सी घालूनच बसला, आई म्हणाली निदान टोपी तरी नीट घाल. ओवाळलं, करंजी कोंबली, निघालो. स्टँडमध्ये केरळवाल्यांचे पिवळे शर्टही भरपूर होते. आपण दोन गोल पुढे, मग केरळने बरोबरी केली. बरोबरीचा गोल मारणाऱ्या पेप्राने आनंदाच्या भरात शर्ट काढला. शर्ट काढला की पिवळं कार्ड, आणि त्याला आधीच एक मिळालेलं. गोल मारून तो बाहेर! आमच्या बाजूला क्षणभर कोणाला कळेचना की आनंद करायचा की बरोबरी झाली म्हणून रडायचं. शेवटी ४-२ जिंकलो. भावाने ओवाळणी दिली नाही ती नाहीच, वर मॅच दाखवली म्हणून मीच त्याला द्यावी म्हणे.

याच्या उलट ३० डिसेंबर, सोमवार. नॉर्थईस्ट युनायटेडने आपल्या घरच्या मैदानावर येऊन ३-० ने धुतलं. त्यांच्या अजराईने त्या हंगामात २३ गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला, तो काय चीज आहे हे डोळ्यांनी बघितलं इतकंच समाधान. थंडीत घाटकोपरला उभं राहून "हे कशासाठी करतो आपण" यावर आमची चर्चा झाली होती.

अटी वाचताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे बाद फेरी पासात येते का. आली तरी ती घरी होईलच असं नाही. आपण सहावे आलो, त्यामुळे ती मॅच आपल्यापेक्षा वर असलेल्या बंगळुरूच्या मैदानावर झाली, ५-० ने हरलो, आणि ते मी मोबाइलवर पाहिलं. दुसरी, हंगाम लांबला किंवा लहान झाला तर पैशांचं काय. ही शंका हवेतली नाही. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने पुढचा हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवलं, कारण भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला करार डिसेंबरमध्ये संपणार होता. नंतर जाहीर झालेला हंगाम एकाच फेरीचा: १४ संघ, ९१ मॅच, म्हणजे घरच्या फक्त सहा-सात. अशा हंगामात एक परीक्षा आणि एक लग्न आलं की पासाचं गणित कोलमडलंच.

पहिल्या वर्षाला असाल तर घेऊ नका, कॉलेजचं टाइमटेबल कसं असतं तेच अजून कळलेलं नसतं. शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट, तेव्हाही नको. मधली दोन वर्षं, सोबत ठाण्यापर्यंत परत येणारं निदान एक माणूस, आणि अर्ध्याहून जास्त मॅच शनिवार-रविवारी असतील तर खुशाल घ्या. माझा मामेभाऊ यंदा एफवायला आहे. त्याला केरळ, गोवा आणि मोहन बागान एवढी तीनच सुटी तिकिटं काढायला सांगितलीत, आणि एखादी रटाळ मॅच मी माझ्या पैशाने दाखवणार आहे.